सायकल ही गाडी आहे काय?



आजच्या विषयाचे नाव फलकावर वाचून आपल्यापैकी काही जणांना हसू आले असेल. या व्यासपीठावरून ज्ञानेश्वरीवर बोलले जाते, राज्यघटनेवर बोलले जाते, अर्थकारणावर बोलले जाते. तेथे सायकलीचा कायदा हा काय विषय झाला? पण हसणाऱ्यांपैकी अर्ध्याअधिक मंडळी कधी ना कधी सायकलीवरूनच शाळेत गेलेली आहेत, हेही मला ठाऊक आहे. दिवा नाही म्हणून हवालदाराने चाकातली हवा सोडली, डबलसीट बसलो म्हणून चौकात उतरवले, नगरपालिकेचा बिल्ला लावायचा राहिला म्हणून दंड भरला, ही आपली सर्वांची समाईक आठवण आहे. त्या हवालदाराच्या मागे कोणता कायदा उभा होता, तो कोठून आला आणि त्याने कोणाचे रक्षण केले, एवढेच आज पाहावयाचे आहे.

मला हा विषय सुचला तो कोर्टात ऐकलेल्या एका प्रश्नावरून. मी कायद्याचा विद्यार्थी होतो तेव्हाची गोष्ट. आमच्या आळीला रतीब घालणारे एक गवळीदादा पहाटे चारला सायकलीच्या दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या अडकवून गावाबाहेरून येत असत. एका पावसाळी पहाटे मागून आलेल्या ट्रकने त्यांना उडवले. ते जागच्या जागी गेले. पुढे नुकसानभरपाईचा दावा झाला, आणि वहिनींना लिहिता-वाचता येत नसल्यामुळे कागद सांभाळायला मी त्यांच्याबरोबर जात असे. ट्रकच्या वेगाबद्दल पाच मिनिटे बोलणे झाले असेल. त्यानंतर समोरच्या वकिलांनी वहिनींना एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारला : "सायकलीला मागे दिवा होता काय?" मागे लाल काच होती, दिवा नव्हता. वहिनींनी खरे ते सांगितले. निकालात मृतावर निम्मा दोष ठेवण्यात आला आणि रक्कम निम्मी झाली.

मला तेव्हा वाटले की हा प्रश्न त्या वकिलांच्या डोक्यातून निघाला. पुढे वाचन वाढले तेव्हा कळले की तो प्रश्न आमच्या आळीहून फार जुना आहे. मागे दिवा कोणी लावायचा आणि पुढे कोणी पाहायचे, या एका गोष्टीवरून इंग्लंडात अनेक वर्षे भांडण चालले होते. आपला रस्त्याचा कायदा बव्हंशी तिकडूनच आलेला असल्यामुळे ते भांडण आपल्याही वाट्याला आले आहे.

सायकलीच्या जन्माबरोबरच तिच्यावर बंदी आली, असे म्हटले तरी चालेल. जर्मनीत मानहाइम येथे कार्ल फॉन ड्राइस या गृहस्थाने १८१७ च्या जूनमध्ये आपले लाकडी दुचाकी यंत्र रस्त्यावर आणले. त्याला पायटे नव्हते. मधल्या दांडीवर बसायचे आणि दोन्ही पायांनी जमीन मागे रेटत पळायचे. रस्ते खडबडीत, गाड्यांच्या चाकोऱ्यांनी उकरलेले. त्यामुळे हे नवे स्वार पादचाऱ्यांच्या गुळगुळीत पायवाटेवर चढू लागले, आणि लोक ओरडू लागले. मानहाइम, मग मिलान, मग लंडन, न्यूयॉर्क अशी बंदीची मालिका लागली. १८२० साली ती आपल्या कलकत्त्यापर्यंत येऊन पोचली होती. चांगल्या सडकेवर जागा नाही म्हणून सायकलवाला फुटपाथवर चढतो आणि फुटपाथवर चढला म्हणून दंड होतो. हे रडगाणे दोनशे वर्षे जुने आहे.

इंग्लंडात १८३५ साली सडकांचा एक मोठा कायदा झाला. त्याच्या ७२ व्या कलमाने पायवाटेवरून घोडा, गाढव, मेंढरे, डुकरे किंवा कोणत्याही प्रकारची गाडी नेण्यास मनाई केली, आणि ७८ व्या कलमाने माणसाच्या जीवितास धोका होईल अशा बेफाम वेगाने घोडा किंवा गाडी हाकण्यास. ज्यांनी हा कायदा लिहिला त्यांच्या डोळ्यांपुढे अर्थातच घोडे आणि बग्ग्या होत्या. पुढे चाळीसेक वर्षांनी, पुढचे चाक पुरुषभर उंच आणि मागचे वितभर, अशा सायकली रस्त्यावर आल्या तेव्हा पोलिसांच्या हाती तोच कायदा होता. १८७९ साली मझवेल हिलच्या उतारावरून एक सायकलस्वार भरधाव आला आणि त्याने एका पादचाऱ्याला पाडले. खालच्या कोर्टाने दंड केला. अपील क्वीन्स बेंचपुढे गेले. 'टेलर विरुद्ध गुडविन' हा तो खटला.

अपिलातला युक्तिवाद मोठा मौजेचा होता. कायदा म्हणतो, गाडी 'हाकणे'. सायकलीला ना घोडा ना बैल. मग हाकले कोणाला? मनुष्य सायकलीवर बसतो, स्वार होतो. तो ती हाकत नाही. शिवाय सायकल ही गाडी तरी कोठे आहे? न्या. मेलर आणि न्या. लश यांनी हा युक्तिवाद मानला नाही. गाडी हा शब्द पुरेसा व्यापक आहे, आणि जो मनुष्य यंत्राला गतीही देतो व दिशाही देतो तो ते हाकतोच, ज्या अर्थाने इंजिन ड्रायव्हर आगगाडीचे इंजिन हाकतो त्याच अर्थाने, असा त्यांचा निर्णय झाला.

आपल्या भाषेने हा पेच कोर्टात न जाताच सोडवला आहे, हे येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. आपण घोड्यावर बसतो, बैलगाडी हाकतो आणि सायकल चालवतो. जुनी माणसे तर सायकल 'मारत' असत. मराठीत टेलरसाहेबांच्या वकिलाला तोंड उघडायला जागाच नव्हती. मराठी बाजूला ठेवली तरी आपल्या देशातील कायद्यानेही ती जागा आधीच बुजवली होती. १८६० च्या भारतीय दंड संहितेचे २७९ वे कलम पाहा. सार्वजनिक रस्त्यावर जो कोणी बेदरकारपणे वाहन हाकील 'किंवा स्वारी करील', असे दोन्ही शब्द त्यात एका दमात घातले आहेत. अर्थात ते घोडेस्वारासाठी होते. पण इंग्लंडच्या न्यायाधीशांना १८७९ मध्ये ज्या खाचेवरून उडी मारावी लागली ती खाच हिंदुस्थानच्या कायद्यात एकोणीस वर्षे आधीच भरलेली होती. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिच्या २८१ व्या कलमात तेच दोन शब्द तसेच उतरले आहेत. बेफाम सायकल चालवून कोणाच्या जिवाला धोका केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल.

टेलर-गुडविन खटल्याने सायकल गाडी ठरली खरी, पण पुढच्याच वर्षी, १८८० मध्ये, दुसऱ्या एका खटल्यात टोलनाक्याचा प्रश्न आला. सायकल गाडी असेल तर तिने टोल दिला पाहिजे. कोर्टाने पाहिले की टोलाच्या त्या कायद्यात ज्या गाड्यांची यादी दिली आहे त्या सगळ्या घोड्यांनी ओढायच्या. सायकल त्या जातीची नव्हे. म्हणून टोल माफ. म्हणजे दंडापुरती गाडी आणि पट्टीपुरती नाही! सायकलवाल्यांना हा निकाल गोड लागला असेल. परंतु आपण नक्की कोण, हा प्रश्न मात्र अधांतरीच राहिला.

तो अधांतरीपणा रोजच्या व्यवहारात फार जाचक होता. १८७८ च्या एका कायद्याने प्रत्येक काउंटीला सायकलींबद्दल स्वतःचे पोटनियम करण्याची मुभा दिली होती. त्यामुळे सकाळी निघालेला मनुष्य दुपारपर्यंत तीन काउंट्या ओलांडी आणि तीन निरनिराळ्या नियमांखाली सापडे. कोठे घंटी सक्तीची, कोठे घोडा समोर दिसला की खाली उतरायचे. त्याच १८७८ साली सायकलस्वारांचे संघ निघाले. त्यांतील एक पुढे सायक्लिस्ट्स टूरिंग क्लब या नावाने प्रसिद्ध झाला. हौशी मंडळींचे हे क्लब केवळ सहली काढून थांबले नाहीत. त्यांनी वकील दिले, पार्लमेंटात खटपट केली आणि दहा वर्षांत एक गोष्ट पदरात पाडून घेतली.

ती म्हणजे १८८८ च्या स्थानिक स्वराज्याच्या कायद्याचे ८५ वे कलम. काउंट्यांचे सायकलविषयक पोटनियम एका फटक्यात रद्द झाले. सायकल ही सडकेच्या कायद्यापुरती गाडीच आहे, असे पार्लमेंटने स्पष्ट लिहिले. बदल्यात दोन अटी आल्या. सूर्यास्तानंतर एक तासापासून सूर्योदयापूर्वी एक तासापर्यंत पुढे दिवा हवा. आणि गाडी, जनावर किंवा पादचारी यांना ओलांडताना पुरेशा अंतरावरून घंटी, शीळ किंवा अन्य आवाजाने सूचना दिली पाहिजे. मोडल्यास चाळीस शिलिंगांपर्यंत दंड. सायकल चालू असेतोवर घंटी सतत वाजत राहिली पाहिजे असा त्या काळी नियम होता, असे पुष्कळ ठिकाणी छापलेले आढळते. ते खरे नाही. कलम वाचले तर सूचना ओलांडण्यापुरतीच आहे. एकाने लिहिले आणि दहांनी उतरवून घेतले, असा हा प्रकार दिसतो.

या कलमाचे मोल कळण्यासाठी त्यातील देवघेव ध्यानात घ्यावी लागते. सायकलवाल्याने जबाबदारी घेतली, आणि तिच्या मोबदल्यात त्याला सडकेवर जागा मिळाली. बग्गीवाल्या सरदाराइतकाच आता तोही हक्काचा वाटसरू. पुढची पन्नास वर्षे सायकलवाल्यांचे संघ ज्या हट्टाने भांडले त्या हट्टाचे मूळ येथे आहे.

योगायोग असा की त्याच १८८८ साली बेळगावात सायकलीचे एक दुकान निघाले. लक्ष्मणराव किर्लोस्कर तेव्हा मुंबईस तांत्रिक शिक्षणसंस्थेत शिकवीत होते. तेथून ते सायकली पाठवीत आणि त्यांचे बंधू रामूअण्णा बेळगावात त्या विकीत. एकेका सायकलीला सातशे-हजार रुपये पडत, आणि चालवायला शिकवण्याची फी वेगळी. पुढे ज्या घराण्याचे नाव नांगर, पंप आणि इंजिने यांच्याशी जोडले गेले त्याचा आरंभ सायकलीच्या दुकानातून झाला, हे महाराष्ट्राने विसरू नये. परंतु त्या किमतीत सायकल घेणारा मनुष्य कोण असेल, याचा विचार करा. तेव्हा सायकल साहेबाची व सरदाराची होती. इंग्लंडातही ती आधी सुखवस्तूंचीच. कायदा ज्या वेळी सायकलवाल्याला मान देत होता त्या वेळी सायकलवाला मानाचा मनुष्य होता. हवा भरलेले रबरी टायर, सारख्या चाकांची सायकल आणि कारखानदारी यांनी ती स्वस्त झाली, मजुराच्या हाती आली, आणि नेमक्या त्याच काळात सुखवस्तू मनुष्य सायकलीवरून उतरून मोटारीत बसला. रस्त्याच्या कायद्याचा रोख त्यानंतर बदलला. हा माझा तर्क आहे, पण पुढच्या घटना पाहिल्यावर तो आपणांसही पटेल असे वाटते.

मोटारीने इंग्लंडात पहिला पादचारी बळी घेतला तो १८९६ च्या ऑगस्टमध्ये, लंडनच्या क्रिस्टल पॅलेसजवळ. १९०३ च्या कायद्याने मोटारींना ताशी वीस मैलांची मर्यादा घातली. ती कोणी पाळीत नव्हते, आणि ज्या नियमाला कोणी जुमानत नाही तो काढून टाकावा असा अजब न्याय लावून १९३० च्या कायद्याने खाजगी मोटारींवरील वेगमर्यादाच उठवली. त्याच कायद्याने सायकलीची घंटीची सक्तीही गेली. चार वर्षांत काय झाले ते आकड्यांवरून दिसते. १९३४ साली ब्रिटनच्या रस्त्यांवर ७,३४३ माणसे मेली, त्यांत दीड हजारांच्या आसपास सायकलस्वार. मार्च १९३५ पासून वस्तीच्या भागात ताशी तीस मैलांची मर्यादा पुन्हा आणावी लागली आणि नव्या मोटारचालकांना परीक्षा सक्तीची झाली.

याच काळात मागच्या दिव्याचे भांडण ऐन रंगात आले होते. पुढचा दिवा १८८८ पासून होताच. पहिल्या महायुद्धात मागचाही दिवा सक्तीचा झाला, युद्ध संपल्यावर तो गेला. १९२७ च्या कायद्याने मागे लाल दिवा किंवा लाल परावर्तक काच, दोहोंपैकी एक लावावे असे ठरले. १९३४ मध्ये मागच्या मडगार्डावर पांढरा पट्टा रंगवण्याची भर पडली. मोटारवाल्यांच्या संघटनांचे म्हणणे, काच पुरेशी नाही, जळता दिवाच पाहिजे. सायकलवाल्यांच्या संघांनी त्याला प्राणपणाने विरोध केला. आज वरवर पाहता हा विरोध अडाणीपणाचा वाटतो. आपल्याच जिवासाठी दिवा लावायला नको म्हणणारी ही कसली माणसे?

त्यांचा युक्तिवाद असा होता. जो मागून येतो त्याला पुढचे दिसते. जो पुढे आहे त्याला मागचे दिसत नाही. म्हणून धडक टाळण्याचे कर्तव्य मागून येणाऱ्याचे. आपल्या दिव्याच्या उजेडात जेवढा रस्ता दिसतो तेवढ्या अंतरात थांबता येईल एवढाच वेग त्याने ठेवावा. रस्त्यात पडलेल्या माणसाला दिवा नसतो, गायीला नसतो, कोसळलेल्या झाडाला नसतो. त्यांना तो कसा चुकवणार आहे? एकदा का सायकलीला मागे दिवा सक्तीचा केला की पाहण्याचे कर्तव्य दिसण्याच्या कर्तव्यात बदलते. दुसरी अडचण व्यवहारातली. तेव्हाचा दिवा तेलाचा किंवा कच्च्या बॅटरीचा. मागचा दिवा विझला तर स्वाराला कळत नाही. तो आपल्या नकळत गुन्हेगार होतो आणि नेमका त्याच क्षणी धडकला जातो. मग खापर त्याच्याच माथी.

श्रोतेहो, आमच्या गवळीदादांच्या खटल्यात जे घडले ते याहून वेगळे काय होते?

तरीही मी त्या संघांच्या बाजूने पूर्णपणे उभा राहू शकत नाही. पावसाळी रात्री, समोरून येणाऱ्या मोटारीच्या झोतात डोळे दिपलेले असताना, काळ्या कांबळ्यातला सायकलस्वार खरोखरच दिसत नाही. तत्त्व बरोबर असून मनुष्य मेला तर तत्त्वाचा त्याला उपयोग नसतो. अखेर वाद युद्धानेच मिटवला. १९३९ च्या सप्टेंबरात काळोखबंदी आली. रस्त्यावरचे दिवे गेले, मोटारींच्या दिव्यांवर झापडे चढली, आणि १९४१ साली ब्रिटनच्या रस्त्यांवर ९,१६९ माणसे मेली. त्या देशाच्या इतिहासात एका वर्षात इतकी माणसे रस्त्यावर कधीच मेली नाहीत, ना आधी ना नंतर. काळोखबंदीत सायकलींना मागचा लाल दिवा सक्तीचा झाला आणि १९४५ च्या कायद्याने तो कायम झाला. सक्ती करणाऱ्यांचे चुकले नाही. चुकले ते, दिवा नसला तर मागच्याची जबाबदारी किती उरते, हे त्या वेळी कोणी लिहून ठेवले नाही हे.

दुसरे भांडण वेगळ्या वाटेचे. १९३४ च्या डिसेंबरात वाहतूकमंत्री होर-बेलिशा यांनी लंडनच्या पश्चिमेस वेस्टर्न अव्हेन्यूच्या दोन्ही बाजूंना, साडेआठ फूट रुंदीची आणि सुमारे अडीच मैल लांबीची सायकलींची स्वतंत्र वाट खुली केली. आपण म्हणू, किती छान. सायकलवाल्यांच्या संघांनी मात्र या वाटेविरुद्ध रान उठवले. वाट अरुंद होती, जागोजागी बाजूचे रस्ते आडवे येत, हे खरे. पण त्यांचे खरे भय वेगळे होते. आज वाट दिली, उद्या ती सक्तीची होईल आणि १८८८ साली मिळालेली सडक हातची जाईल. हे भय निराधार नव्हते. १९३९ मध्ये लॉर्डांच्या सभागृहाच्या एका समितीने, जेथे चांगली वाट असेल तेथे सायकलींना तीच सक्तीची करावी, अशी शिफारस केली. युद्धाने ती बारगळली. पण वाटांचे बांधकामही थांबले, आणि पुढच्या दोन पिढ्यांत मोटारी इतक्या वाढल्या की जिच्यासाठी भांडले ती सडक सायकलवाल्यांनी भीतीपोटी आपणहून सोडली. भांडण जिंकले आणि मैदान रिकामे झाले, असे काहीसे झाले.

मध्येच एक हलका प्रसंग. १९५० साली इंग्लंडात इल्फ्राकूम नावाच्या गावी एक गृहस्थ दारूच्या अमलाखाली सायकल हाताने ढकलत चालले होते. चालवतही नव्हते. १८७२ च्या मद्यविषयक कायद्यात 'गाडी ताब्यात असताना झिंगणे' हा गुन्हा. सायकल ही गाडी काय, हा टेलर-गुडविनचा प्रश्न पुन्हा उभा राहिला आणि लॉर्ड गॉडर्ड यांच्या कोर्टाने होय म्हटले. कायद्याचा हेतू रस्त्यावरच्या लोकांचे रक्षण करणे हा आहे, तेव्हा शब्दाचा कीस काढू नये, असा निर्णय. 'कॉर्करी विरुद्ध कार्पेंटर' हा खटला तेव्हापासून लॉ कॉलेजात पहिल्या वर्षाला शिकवतात. मलाही शिकवला होता. वर्गात पुष्कळ हशा झाला होता.

सायकलस्वार नेहमीच बिचारा असतो, असे मात्र मी म्हणणार नाही. २०१६ साली लंडनमध्ये पुढचा ब्रेक नसलेल्या सायकलीने रस्ता ओलांडणारी एक स्त्री मृत्युमुखी पडली. २०१७ मध्ये चालवणाऱ्याला अठरा महिन्यांची कैद झाली, आणि ती कोणत्या कायद्याखाली, तर घोडागाड्यांच्या काळातल्या, १८६१ च्या 'बेफाम हाकण्या'च्या कलमाखाली! सडकेवर हक्क सांगणाऱ्याने आपल्याहून दुबळ्याचा, म्हणजे पायी चालणाऱ्याचा, हक्क मानला पाहिजे. आपल्याकडे संध्याकाळी उलट दिशेने, बिनदिव्याचे, घंटी न वाजवता येणारे सायकलवीर पाहिले की माझ्यासारख्या म्हाताऱ्याची छाती धडधडते.

आता हॉलंडकडे वळू. तेथेही सायकलीवर कर होता. १९२४ पासून प्रत्येक सायकलीला वर्षाचे तीन गिल्डर भरून धातूचा बिल्ला लावावा लागे. बेकाराला बिल्ला फुकट. पण त्याला मध्ये भोक पाडलेले असे, म्हणजे चौकात सर्वांना कळावे की हा बेकार आहे! आपल्या नगरपालिकांचा बिल्ला निदान इतका निष्ठुर नव्हता. १९४१ मध्ये हा कर गेला. युद्धानंतर तेथेही मोटारी वाढल्या, जुन्या सायकलवाटा उखडल्या गेल्या आणि १९७१ साली सुमारे ३,३०० माणसे रस्त्यावर मेली. त्यांत चारशेहून अधिक मुले होती. फिक लांगेनहोफ या पत्रकाराची लहान मुलगी सायकलीवरून शाळेत जाताना मोटारीखाली गेली. त्याने १९७२ मध्ये आपल्या वृत्तपत्रात लेख लिहिला. मथळ्याचा अर्थ होता, 'बालहत्या थांबवा'. त्याच नावाची चळवळ उभी राहिली. आईबाप आणि मुले रस्त्यात बसली. १९७३ च्या नोव्हेंबरात तेलटंचाई आली, सरकारने रविवारी मोटारी बंद ठेवल्या आणि रिकामे रस्ते कसे दिसतात ते लोकांनी डोळ्यांनी पाहिले. पुढे टिलबर्ग आणि हेग येथे स्वतंत्र सायकलमार्ग बांधले गेले. आज त्या देशाची जी चित्रे आपण पाहतो ती पूर्वापार चालत आलेली नाहीत. ती या पन्नास वर्षांतली कमाई आहे.

वाटांचे सर्वजण सांगतात. मला सांगायचे आहे ते डच कायद्याचे. मोटारीने सायकलस्वाराला किंवा पादचाऱ्याला धक्का दिला तर नुकसानीची जबाबदारी मूलतः मोटारमालकाची. चौदा वर्षांखालच्या मुलाची चूक असली तरी पूर्ण भरपाई. मोठ्या माणसाची चूक असली, त्याला दिवा नसला, तरी कमीत कमी निम्मी भरपाई त्याला मिळतेच. आणि त्याच्या चुकीचा हिशेब होतो तो उरलेल्या निम्म्यात. मुद्दाम अंगावर आला असेल तर गोष्ट वेगळी. डच न्यायालयांनी ही मोजणी १९९० च्या सुमारास बसवून दिली. जो जड वाहन घेऊन रस्त्यावर येतो तो धोका बरोबर आणतो, तेव्हा त्या धोक्याची किंमतही त्यानेच वाहावी, हा त्यामागचा विचार. गवळीदादांच्या घरी जे निम्मे आले ते ट्रकवाल्याचा दोष सिद्ध झाला म्हणून. तो सिद्ध झाला नसता तर काहीच आले नसते. हॉलंडात मोजणी त्या निम्म्यापासून सुरू झाली असती.

इंग्लंडनेही २९ जानेवारी २०२२ पासून आपल्या रस्त्याच्या संहितेत, ज्याच्याकडून अधिक इजा होऊ शकते त्याची जबाबदारी अधिक, असा क्रम लिहिला आहे, आणि सायकलस्वाराला ओलांडताना निदान दीड मीटर अंतर ठेवावे असे सांगितले आहे. तो उपदेश आहे, डच कायद्यासारखा हिशेब नव्हे.

आपल्या देशात काय आहे? १९१४, १९३९ आणि १९८८ असे मोटारवाहनांचे तीन कायदे झाले. तिन्ही नावाप्रमाणे मोटारींचे. सायकल त्यांत येते ती बहुधा धडकली गेल्यानंतर. सायकलवाल्याचे रोजचे नियम पोलिसांच्या आणि नगरपालिकांच्या अधिकारात राहिले. म्हणून गावोगाव हवालदाराची मर्जी निरनिराळी, अगदी १८७८ च्या इंग्लंडसारखी. २०१९ च्या दुरुस्तीने १३८ व्या कलमात एक उपकलम आले. यंत्राविना चालणारी वाहने आणि पादचारी यांच्या सुरक्षिततेसाठी नियम करण्याचा अधिकार त्याने राज्यांना दिला. त्याच वाक्यात त्यांच्या 'प्रवेशाचे' नियमन करण्याचाही अधिकार आहे. म्हणजे याच कलमाने सायकलवाल्याला वाट देता येईल आणि याच कलमाने त्याला सडकेवरून काढताही येईल. १९३४ साली लंडनच्या सायकलवाल्यांना ज्याचे भय वाटले तेच हे. २०२० साली केंद्र सरकारने सायकलीच्या परावर्तक काचांना दर्जाची सक्ती करणारा आदेश काढला. तो कारखानदारांसाठी आहे. जुन्या सायकलीवरच्या दूधवाल्याला, पेपर टाकणाऱ्या मुलाला तो ठाऊकही नसेल.

भरपाईच्या बाबतीत मात्र पाऊल पुढे पडले आहे. १९८२ मध्ये प्रथम, दोष कोणाचा हे न पाहता, मृत्यूबद्दल पंधरा हजार रुपये देण्याची तरतूद आली. १ एप्रिल २०२२ पासून अमलात आलेल्या १६४ व्या कलमाखाली मोटारीने मृत्यू झाल्यास पाच लाख आणि गंभीर इजा झाल्यास अडीच लाख रुपये मिळतात, आणि कोणाचीही चूक सिद्ध करावी लागत नाही. धडक देणारे वाहन पळून गेले आणि सापडलेच नाही, तर वेगळ्या योजनेखाली मृत्यूबद्दल दोन लाख आहेत.

परवा मी ते जुने कागद काढून पाहिले. वहिनींचा दावा आज उभा राहिला असता तर पाच लाखांपर्यंत मागच्या दिव्याचा प्रश्न त्यांना कोणी विचारला नसता. तेवढ्यावर एका कर्त्या माणसाचा संसार भागत नाही म्हणून अधिक मागायचे झाले, तर १६६ व्या कलमाखाली जावे लागते. तेथे दोष सिद्ध करावा लागतो, मृताचा दोष वजा होतो, आणि साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभ्या राहिलेल्या बाईला आजही पहिल्यांदा हेच विचारतात की सायकलीला मागे दिवा होता काय.